बूच कुठं आहे?

मे महिन्यातल्या एका दुपारी माझा कॉम्प्युटर घोट घेऊ लागला.

आधी वाटलं, स्वयंपाकघरातल्या नळातून हवा येतेय. पुण्यात मे महिन्यात नळानं असे आवाज काढले तर कुणी दचकत नाही. पण आवाज टेबलाखालून येत होता. व्हिडिओ एडिटिंगचं काम चालू होतं, पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि कॅबिनेटमधून दर अर्ध्या मिनिटाला गुडगुड ऐकू येत होती. तापमान पाहिलं तर शंभराला टेकलेलं. शंभर अंशांवर माझा प्रोसेसर स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आपणहून वेग कमी करतो. पट्टी रेंगाळत होती ती त्यामुळं.

दोष निघाला वॉटर कूलरमध्ये. सहा वर्षांपूर्वी घेतलेला, वॉरंटी संपून वर्ष झालेला. खोलून घेऊन गेलो. दुकानदारानं तो कानाशी धरून हलवला, नारळ पाहतात तसा.

“पाणी कमी झालंय साहेब.”

“मग भरून द्या.”

“भरायचं कुठून? याला बूच कुठं असतं? हा सीलबंद येतो. टाकायचा आणि नवा घ्यायचा.”

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तांब्याची पट्टी, मोटर, दोन नळ्या, रेडिएटर, सगळं शाबूत होतं. कमी झालं होतं ते अर्धा कप पाणी. अर्ध्या कपापायी सगळी वस्तू भंगारात टाकायची, हे आमच्या घरच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. मग मी ती उघडायची ठरवली. त्या नादात तीन महिने गेले. हा लेख त्याचाच.

पाणीच का?

प्रोसेसर म्हणजे बोटाच्या पेरांनी मोजता येईल एवढा सिलिकॉनचा तुकडा. आजचे तगडे प्रोसेसर भर कामात दोनशे वॉटच्या पुढं वीज खातात. इंटेलच्या कोअर आय-९ १३९००-केची वरची मर्यादा २५३ वॉटची आहे. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. विजेच्या इस्त्रीचं तापणं पोस्टाच्या तिकिटाएवढ्या जागेत कोंबल्यासारखं हे आहे.

ही उष्णता पंख्याच्या वाऱ्यानंही काढता येते आणि बहुतेक कॉम्प्युटरांत तशीच काढतात. पण वारा हा फार हलका हमाल. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता उचलतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर दोनशे वॉट ओतत असेल, तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात जेमतेम तीन अंशांचा फरक पडतो. पाणी उष्णता निमूटपणे उचलतं, नळीतून रेडिएटरपर्यंत नेतं आणि तिथले पंखे ती खोलीत उडवून देतात. मोटारीत इंजिनाचं जे होतं तेच इथं.

मोठ्या यंत्रांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आयबीएमची मेनफ्रेम यंत्रं साठच्या दशकातच पाण्यावर थंड होत होती. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या महासंगणकाची सर्किटं तर फ्लुओरिनर्ट नावाच्या वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली असत. आमच्या पुण्यात पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा ७९७ टेराफ्लॉप्सचा महासंगणक बसला, त्यातही द्रव थेट प्रोसेसरवरच्या पट्टीपर्यंत नेलेला आहे. माझ्या टेबलाखालचा कूलर त्याच घराण्यातला, फक्त फार दूरचा पुतण्या.

घरगुती कॉम्प्युटरमध्ये पाणी आणलं ते हौशी लोकांनी. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००-ए आला. तीनशे मेगाहर्ट्झचा हा स्वस्त प्रोसेसर साडेचारशेवर बिनधास्त पळतो, हे लोकांच्या लक्षात आलं आणि जास्त वेगाची चटक लागली. वेग वाढला की ताप वाढतो. मग अमेरिकेतल्या पोरांनी भंगार अड्डे पालथे घातले. १९७७ च्या पाँटियाक बॉनव्हिल गाडीचा हीटर कोअर, म्हणजे थंडीत गाडीतली हवा गरम करणारा छोटा रेडिएटर, या मंडळींत विशेष नावाजलेला होता. पंप मासे पाळण्याच्या टाकीतला, नळी हार्डवेअरच्या दुकानातली, प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा ओळखीच्या लेथवाल्याकडून. सुरुवातीला या यंत्रातला एकही भाग सीलबंद नव्हता. प्रत्येक भाग दुसऱ्याच कामासाठी जन्मलेला होता.

सील कसं लागलं?

सर्वसामान्य गिऱ्हाईक मात्र पाणी आणि वीज एकत्र म्हटलं की चार पावलं मागं सरतं. त्याची भीती रास्तच आहे. ॲपलनं २००४ साली पॉवर मॅक जी-५ चं अडीच गिगाहर्ट्झचं मॉडेल पाण्यावर थंड होणारं काढलं. काही वर्षांनी त्यातल्या कित्येक यंत्रांत गळती होऊन आतले भाग खाल्ले गेले.

या भीतीवर उत्तर काढलं डेन्मार्कमधल्या असेटेक या कंपनीनं. आन्द्रे स्लोथ एरिक्सन यांनी ती २००० साली सुरू केली. त्यांची युक्ती ऐकायला साधी आहे. पंप, पाण्याचा साठा आणि तांब्याची पट्टी हे तिन्ही एकाच डबीत घालायचे आणि ती डबी थेट प्रोसेसरवर बसवायची. तिथून दोन नळ्या रेडिएटरकडं. पाणी कारखान्यातच भरायचं, तोंड बंद करायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, की आता पाण्याचा विचारच करू नका. २००९ साली कॉर्सेअरच्या नावानं बाजारात आलेला एच-५० हा कूलर असेटेकनं बनवलेला होता. तिथून या ‘ऑल-इन-वन’ कूलरांची रांग लागली.

युक्तीचं पेटंट होतं आणि असेटेकनं ते डोळ्यांत तेल घालून राखलं. कूलर मास्टरच्या अमेरिकी शाखेवर तिनं २०१३ साली कॅलिफोर्नियात दावा लावला. पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात ज्यूरीचा निकाल असेटेकच्या बाजूनं लागला आणि साडेचौदा टक्क्यांच्या दरानं रॉयल्टी ठरली.

या भांडणाच्या वाऱ्यात एक वेगळी वस्तू सापडली. कॅलिफोर्नियाच्या स्विफ्टेक कंपनीनं २०१३ मध्येच एच-२२० नावाचा कूलर काढला होता. तो तयार भरून यायचा, पण त्याला पाणी भरायचं तोंड होतं आणि जोडण्या उघडून त्यात आणखी भाग घालता यायचे. पेटंटच्या कटकटीमुळं त्याच वर्षी तो अमेरिकी बाजारातून मागं घ्यावा लागला. २०१४ मध्ये तो एच-२२०-एक्स या नावानं परतला तेव्हा पंप प्रोसेसरवरून उठून रेडिएटरला चिकटला होता. पुढं जर्मनीच्या अल्फाकूलनंही असे उघडता येणारे कूलर काढले. म्हणजे बूच ठेवणं अशक्य कधीच नव्हतं. सील लावलं की गळतीची तक्रार कमी, माल स्वस्त आणि पाच-सहा वर्षांनी गिऱ्हाईक पुन्हा दारात. सील लावणं सगळ्यांच्या सोयीचं होतं, शेवटचा माणूस सोडून.

आत काय असतं?

एका रविवारी जेवणाच्या टेबलावर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. नळ्या खाली करून बादलीवर धरल्या आणि कापल्या. सहा वर्षं कोंडलेलं पाणी बाहेर आलं. फिकट पिवळसर, बोटाला किंचित बुळबुळीत. ते नुसतं पाणी नसतंच. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल, गंज रोखणारी आणि शेवाळ मारणारी रसायनं असतात.

पाणी गेलं कुठं, याचं उत्तर नळीत होतं. कुठंही भोक नव्हतं, ओल नव्हती. रबराच्या भिंतीतून पाण्याची वाफ वर्षानुवर्षं कणाकणानं बाहेर झिरपते. फुगवलेला फुगा गाठ पक्की असूनही चार दिवसांत सुरकुततो, तसंच हे. पाणी कमी होतं, जागा हवा घेते आणि हवेचा बुडबुडा पंपात शिरला की तो घोट घेऊ लागतो. म्हणूनच रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंचावर राहील असा कूलर बसवावा. हवा वर जाऊन रेडिएटरमध्ये निवांत पडून राहते. माझा उलटा बसवलेला होता. सहा वर्षांपूर्वी तो मीच बसवला होता.

मग डबीच्या पोटाचे स्क्रू काढले. तांब्याची पट्टी सुटली. तिच्या आतल्या अंगाला बारीक खाचा असतात, फणीच्या दातांसारख्या. दोन दातांतली फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. पाण्याचा तांब्याशी जास्तीत जास्त स्पर्श व्हावा म्हणून हा खटाटोप. माझ्या पट्टीच्या मधल्या पट्ट्यावर पांढुरका लगदा जमला होता, दुधाच्या भांड्याच्या काठावर साय वाळते तसा. म्हणजे पाणी कमी झालं होतं, आणि उरलेल्याची वाटही बुजत आली होती. नुसतं पाणी भरून हा कूलर सुधारला नसता. पातळ व्हिनेगर, मऊ टूथब्रश आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी घेऊन बसलो. अर्ध्या तासानं तांबं दिवाळीतल्या समईसारखं लखलखलं.

दोन धातूंचा संसार

लगदा आला कुठून? याचं उत्तर मला नाना पेठेत मिळालं.

नाना पेठ म्हणजे पुण्यातल्या मोटारीच्या सुट्या भागांचं आगर. तिथल्या एका बोळात रेडिएटर दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री बसतात. त्यांच्यासमोर माझा रेडिएटर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट केला.

“एवढुसा? कुठल्या गाडीचा म्हणायचा हा?”

“कॉम्प्युटरचा आहे मिस्त्री.”

“काय सांगता!” त्यांनी नखानं कडेला ओरखडा काढला. “ॲल्युमिनियम. याला डाग लागत नाही साहेब. पूर्वी तांब्या-पितळेचे रेडिएटर यायचे, गळला की डाग द्यायचा, परत दहा वर्षं बघायला नको. आता सगळ्या गाड्यांना हेच. गळला की फेकायचा. आमचं कामच गेलं.” मग तांब्याच्या पट्टीकडं बोट दाखवून म्हणाले, “आणि हे तांबं न् हे ॲल्युमिनियम एकाच पाण्यात? मग एक दुसऱ्याला खाणारच की.”

विज्ञानाच्या पुस्तकात याला गॅल्व्हॅनिक गंज म्हणतात. दोन वेगळे धातू वीजवाहक पाण्यातून जोडले गेले की त्यांची बॅटरी तयार होते आणि हलक्या कुळीचा धातू, इथं ॲल्युमिनियम, झिजत जातो. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आजीला माहीत होतं. पदार्थ आणि धातू यांच्यामध्ये कल्हई उभी असते. कूलरमध्ये कल्हईचं काम पाण्यातली रसायनं करतात. ती ताजी असेपर्यंत तांबं आणि ॲल्युमिनियम गुण्यागोविंदानं नांदतात. ती थकली, की भांडण सुरू होतं आणि त्याचा कचरा बारीक खाचांत जाऊन अडकतो.

म्हणून पहिला बदल ठरला. ॲल्युमिनियमचा रेडिएटर काढून तांब्या-पितळेचा घालायचा. सुट्या भागांच्या बाजारात मिळणारे चांगले रेडिएटर त्याच धातूचे असतात. आधी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पाहिली, मग मुंबईचा लॅमिंग्टन रोड. तिथं एकदाचा मिळाला.

आट्यांची पावणेदोनशेहून जास्त वर्षं

नव्या रेडिएटरला नळी जोडायला आटे असलेली तोंडं होती. मापाचं नाव जी-पाव. व्यास १३.१५७ मिलिमीटर, इंचाला १९ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. आमच्या प्लंबरला दाखवलं तर त्यानं दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. “बीएसपी आहे हा. पाव इंची.” आपल्या नळांना लागते त्याच ब्रिटिश मापाची ही धाकटी पाती. त्यातला ५५ अंशांचा कोन जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं १८४१ साली सुचवलेला. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा असे आणि एकीकडचा दुसरीकडं बसत नसे. आज जगभरातले वॉटर कूलिंगचे सुटे भाग त्या आट्यांवर बसतात. कुठल्याही कंपनीचा पंप कुठल्याही रेडिएटरला लागतो तो यामुळं. सीलबंद कूलरनं नेमकं हेच सोडून दिलं. त्याच्या तोंडांची मापं ज्याची त्याची.

प्लंबरनं सवयीनं टेफ्लॉन टेप काढली. मी थांबवलं. इथं आटे फक्त धरून ठेवतात, पाणी अडवते ती त्यांच्या मुळाशी बसणारी रबरी रिंग. टेप लावली तर रिंग नीट टेकत नाही आणि सुटलेले टेपचे धागे जाऊन बसतात त्याच बारीक खाचांत. हातानं घट्ट, वर पान्यानं किंचित. जोर लावला की रिंग चिरडते.

पंपाची जुनी डबी मात्र मी ठेवली. तिच्या तोंडांची मापं व्हर्नियरनं घेतली, त्यावर ताणून बसेल अशी नळी शोधली आणि होज क्लिपनं आवळली. पंप आणि रेडिएटर यांच्या मध्ये एक छोटी पारदर्शक टाकी घातली. टाकीला वर झाकण. म्हणजे बूच आलं. टाकीमुळं पाणी जवळपास तिप्पट झालं. थोडं झिरपलं तरी आता चिंता नाही, शिवाय किती उरलंय ते डोळ्यांना दिसतं. ग्राफिक्स कार्डही याच पाण्यावर घ्यायचा मोह झाला होता, पण आवरला. या डब्यांतला पंप लेचापेचा असतो. स्वतःपुरतं पाणी तो फिरवतो, दुसऱ्याचा भार त्याच्यावर टाकू नये. त्यासाठी वेगळा दमदार पंप लागतो.

एक रात्र टिपकागदाची

पाणी भरलं सिरिंजनं. डिस्टिल्ड पाण्यात गंजरोधक मिसळून. नळाचं पाणी कधीच नको, पुण्याचं असो की आणखी कुठलं. त्यातले क्षार खाचांत बसतात.

आता खरी कसोटी. कूलर कॉम्प्युटरबाहेर, खाली टिपकागद, प्रत्येक जोडाला टिपकागदाची पट्टी गुंडाळलेली. मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप चालवायचा असतो. त्यासाठी पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी तार काळीला जोडतात. कॉम्प्युटर चालू झाल्याचा त्याचा समज होतो. पंप गुरगुरला, टाकीतून बुडबुड्यांची माळ वर आली. रेडिएटर हातात घेऊन हलवायचा, वाकवायचा, पुन्हा हलवायचा. लहान मुलाची ढेकर काढतात तसं. तासाभरानं आवाज निवला.

ते तसंच रात्रभर चालू ठेवलं. सकाळी आई माझ्याआधी उठली होती आणि टिपकागद तपासत होती. एका पट्टीवर नाण्याएवढा डाग होता. पंपाकडची क्लिप अर्धा आटा सैल. हा डाग रात्री मदरबोर्डवर पडला असता तर त्याची किंमत कूलरच्या कित्येक पट झाली असती. क्लिप आवळली, दुसरी रात्र काढली. दुसऱ्या सकाळी कागद कोरडे होते.

आईचं म्हणणं होतं, एवढं करण्यापेक्षा नळ्या माठात सोडायच्या. मी हिशोब केला. दहा लिटरचा माठ, दोनशे वॉटची उष्णता. दर साडेतीन मिनिटांना पाणी एक अंशानं तापणार, तासात सतरा अंश. माठाचं बाष्पीभवन त्यापुढं कुठं पुरं पडणार! पण तिच्या बोलण्यात एक मर्म होतं. माठ खोलीपेक्षा गार होऊ शकतो, रेडिएटर कधीच नाही. खोली चाळीस अंशांवर असेल तर पाणी चाळीसच्या वरच राहणार, रेडिएटर तांब्याचा असो की सोन्याचा. आणि कुणी हट्टानं बर्फ घालून पाणी खोलीखाली नेलंच, तर मुंबईच्या दमट हवेत गार ग्लासाला सुटतो तसा घाम नळ्यांना सुटेल आणि गळतीशिवायच मदरबोर्ड भिजेल.

जमाखर्च

खरं सांगायचं तर पैशाच्या हिशोबात मी हरलो. रेडिएटर, जोडण्या, टाकी, नळी, मुंबईची खेप हे सगळं धरलं तर त्याच पैशांत नवा सीलबंद कूलर आला असता. तापमान खाली आलं, आवाज गेला, पट्टी पुन्हा पळू लागली. नव्या कूलरनंही हेच केलं असतं. वॉरंटी असलेल्या कूलरला कुणी हात लावू नये. ज्याला रात्रभर टिपकागद राखायचा कंटाळा आहे, त्यानंही नाही.

जमेच्या बाजूला एकच गोष्ट. पुढच्या वेळी पाणी कमी झालं तर मी झाकण उघडीन, सिरिंज घेईन, भरीन. पंप गेला तर पंप बदलीन. नळी कडक झाली तर नळी. या वस्तूचं आयुष्य आता तिच्यातल्या सर्वांत कच्च्या भागाशी बांधलेलं नाही.

कंपन्यांना हे अवघड आहे असंही नाही. २०२२ मध्ये आर्क्टिक कंपनीनं जाहीर केलं, की आपल्या लिक्विड फ्रीझर-२ मालिकेतल्या काही कूलरांमधल्या रबरी गॅस्केटातल्या उरलेल्या गंधकाची तांब्याशी प्रक्रिया होते आणि गळतीचा धोका आहे. तिनं नवं गॅस्केट आणि लागणारं सामान ग्राहकाला फुकट पाठवायची तयारी दाखवली, घरी उघडा आणि बदला म्हणून. जे उघडू नये असं आजवर सांगितलं जात होतं, ते चार स्क्रू काढता येणाऱ्या कुणालाही उघडता येतं, हे एका उत्पादकानंच कबूल केलं.

त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं, वाहनं अशा वस्तूंच्या दुरुस्तीची माहिती एका जागी मिळावी हा हेतू. युरोपीय संघानंही २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, मोबाइल फोन आहेत. माझ्या टेबलाखालच्या डबीपर्यंत तो अजून पोचलेला नाही.

आपल्या प्रत्येकाच्या ओट्यावर एक सीलबंद भांडं रोज शिट्ट्या करतं. प्रेशर कुकरमध्ये उकळतं पाणी असतं, दाब असतो, स्फोटाचीही भीती असते. तरी त्याची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह गावातल्या कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळतात आणि रिंग ढिली झाली म्हणून कुणी कुकर फेकत नाही. या दिवाळीत घरातल्या कुणासाठी कॉम्प्युटर बांधून घेणार असाल आणि दुकानदार वॉटर कूलर समोर ठेवेल, तर दिवे किती रंगांचे लागतात ते नंतर पाहा. आधी एवढंच विचारा, की याला पाणी भरायचं बूच कुठं आहे?